चार डाईव्ह, एक कार्ड आणि बाथरूममधली बादली

भाच्याच्या स्कुबा डायव्हिंगच्या लॉगबुकचं, म्हणजे डाईव्हच्या नोंदवहीचं, पहिलं पान आता माझ्यासमोर उघडं आहे. निळ्या पेनाने लिहिलंय, डाईव्ह नंबर १, खोली ११ मीटर, वेळ १९ मिनिटं, टाकीतल्या हवेचा दाब सुरुवातीला २०० बार, वर आलो तेव्हा ६०, दृश्यता ३ मीटर. खाली इन्स्ट्रक्टरची सही आणि गोल शिक्का. पुढची तीन पानं पण अशीच, २२ मिनिटं, २१ मिनिटं, २० मिनिटं. झालं, चार डाईव्ह, चार सह्या, आणि आठवडाभरात मोबाईलवर ओपन वॉटर डायव्हरचं, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या पायरीचं, कार्ड, वर हसरा फोटो. पोराने स्टेटसला ठेवलं, घरच्या ग्रुपवर पेढ्यांच्या इमोजी पडल्या, मी पण अंगठा दाखवला. लॉगबुक तेव्हाच मागून बघायला पाहिजे होतं, ते नाही केलं, ही चूक माझी आहे आणि ती आधीच सांगून टाकतो.

मी डाईव्हमास्टर आहे, म्हणजे सर्टिफाईड लोकांना पाण्याखाली फिरवू शकतो, नवीन माणसाला कोर्स देऊ शकत नाही, तो इन्स्ट्रक्टरचा प्रांत. पोटापाण्याला पुण्यात नोकरी, आणि ऑक्टोबर ते मे जमेल तेव्हा समुद्र. भाचा म्हणजे मावसबहिणीचा मुलगा, वय २४, हिंजवडीत नोकरीला, लहानपणापासून टिळक तलावावर पोहलेला, पाण्याला घाबरणारा अजिबात नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणार की पोरगाच भित्रा असेल. तसं नव्हतं.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली, मित्रांबरोबर मालवणला गेले, किल्ला बघितला, सुरमईची थाळी हाणली आणि स्कुबा केलं. हे "स्कुबा केलं" म्हणजे ट्राय डाईव्ह असते, एक माणूस मागून तुमची टाकी धरून असतो, तरंगायच्या जॅकेटमधली हवा तोच कमीजास्त करतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवायचा (खरं तर तोही चुकीचा, पाण्याखाली अंगठा म्हणजे वर चला). मजा येते, वाईट काही नाही त्यात, पण वर आल्यावर एक रंगीत सर्टिफिकेट हातात देतात आणि निम्म्या लोकांना वाटतं आपण आता सर्टिफाईड झालो. तो आठवणीचा कागद आहे, जत्रेतल्या फोटोसारखा. भाच्याला एवढं कळत होतं, म्हणून तर तो म्हणाला मामा, मला खरा कोर्स करायचाय.

मी त्याला दोन जागा सुचवल्या, दोन्हीकडे पाच दिवस आणि तीस हजाराच्या वर. त्याने नेटवर तिसरीच शोधली, किनाऱ्यावरच्या एका गावात, तीन दिवस, २२ हजार, राहणं धरून. नाव लिहीत नाही, तिथला इन्स्ट्रक्टर माणूस म्हणून वाईट नव्हता आणि असं करणारा तो एकटाही नाही. भाचा म्हणाला कार्ड तर सेमच मिळतं ना. यावर तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणजे "अरे क्वालिटी वेगळी असते" वगैरे बोललो, पण आठ हजार वाचतायत म्हणल्यावर असल्या मोघम बोलण्याला कोण विचारतो.

कोर्स झाल्यावर आम्ही दोघं नेत्राणीला गेलो, आता तिथे काय झालं ते. डिसेंबरचा तिसरा आठवडा, मुरुडेश्वरहून बोट, दीडेक तास हलत डुलत. नेत्राणी म्हणजे किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर आत असलेलं बेट, पाणी चांगलं असतं तेव्हा खालचा खडक बोटीवरून दिसतो. त्या दिवशी दृश्यता दहाएक मीटर, प्रवाह जवळजवळ नाही, नवशिक्याला याहून सोपा दिवस मागूनही मिळत नाही. बोटीवर किट जोडताना त्याने रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणतो तो) टाकीवर उलटा बसवला, मी म्हणलं, होतं असं कधीतरी गडबडीत. मग त्याने खाली जायला लागतो तो शिशाचा बेल्ट मागितला, दहा किलो. मी म्हणलं दहा? तू अडुसष्ट किलोचा, अंगात ३ मिलिमीटरचा पातळ सूट, दहा कशाला? तर म्हणे कोर्सला दहाच दिले होते. वाद घालायला वेळ नव्हता, आठ दिले, तेही जास्तच होते.

खाली गेलो. नऊ मीटरवर पोचलो असू, गाईड दोघांना घेऊन पुढे, मी आणि भाचा मागे. हा गुडघे वाकवून, जवळजवळ उभाच, हाताने पाणी कापत चाललेला, जॅकेटमध्ये सारखी हवा भरतोय, सोडतोय, वर जातोय, खाली येतोय. शिसं जास्त की ते उचलायला हवा जास्त, आणि हवा जास्त की ती खोलीप्रमाणे फुगते आणि आकसते, मग माणूस लिफ्टसारखा वरखाली होत राहतो. एवढ्यात कुणाच्या तरी पायातल्या फिनचा फटका लागला असेल किंवा हसला असेल, मास्कची कड उचलली गेली आणि आत पाणी शिरलं, फार नाही, अर्ध्या नाकापर्यंत. हे दर दुसऱ्या डाईव्हला होतं. कपाळाशी मास्क दाबायचा, मान जराशी वर, नाकाने हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं, चार सेकंदाचं काम.

त्याचे डोळे मला अजून दिसतात. मास्कच्या काचेमागे एवढे मोठे झालेले, आणि दुसऱ्या सेकंदाला तो जॅकेटच्या बटणावर बोट दाबून सुसाट वर. मी दोन मीटरवर होतो म्हणून टाकीची मान हाताला लागली, त्याच्या आणि माझ्या दोन्ही जॅकेटमधली हवा सोडत, पाय फाकवून, जमेल तेवढा वेग कमी करत आम्ही वर आलो, पण ते काही नियंत्रित वर येणं नव्हतं. आणि पूर्ण वेळ तो रेग्युलेटर तोंडात धरून किंचाळत होता. त्या किंचाळण्यामुळे तो वाचला, हे मी त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल.

हे जरा समजून घ्या. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. नऊ मीटरवर १.९ पट दाब, म्हणजे तिथे छाती भरून घेतलेला श्वास दाबून धरला आणि वर आलात तर तीच हवा जवळजवळ दुप्पट जागा मागते. फुप्फुसात दुप्पट जागा नसते. ती फाटली तर हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात, याला खोल समुद्र लागत नाही, पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकालाही होऊ शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम, श्वास कधीही धरायचा नाही. किंचाळताना हवा बाहेर जात होती, एवढंच. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर होता तो लावला, हातपाय, डोळे, बोलणं, तोल, सगळं तपासलं, संध्याकाळी डॉक्टरला दाखवलं, काही नाही निघालं. दुसरी डाईव्ह त्याने केली नाही. परतीच्या दीड तासात एक शब्द बोलला, तो पण "सॉरी मामा".

सॉरी कशाला, त्याने काय केलं होतं? त्याला जे शिकवलं तेच केलं, म्हणजे जे शिकवलं नाही ते केलं नाही. पुण्याला आल्यावर एका रविवारी मी, तो आणि ते लॉगबुक घेऊन बसलो आणि तीन दिवसांचा हिशोब घंट्यागणिक मांडला. खरं प्रकरण तिथे उघडलं.

पहिला दिवस, दुपारी पोचला, फॉर्म भरले. त्यात तब्येतीची प्रश्नावली असते, दमा, फिट्स, हृदय, कानाचे त्रास, ऑपरेशनं. त्यातल्या ठरावीक प्रश्नांना हो असेल तर पाण्यात उतरायच्या आधी डॉक्टरची सही लागते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला सगळीकडे नो टाका, नाहीतर उगाच लफडं होतं. भाच्याला बारा वर्षांचा होईपर्यंत दमा होता, पंप घ्यायचा. त्याने नो टाकलं. हे त्याने मला त्या रविवारी सांगितलं, पोहे खाता खाता, सहज, आणि मी ताटली खाली ठेवली. मास्क, शिसं, बाकी सगळं राहू दे बाजूला, मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच, कारण श्वासनलिका आकसल्या तर हवा छातीत अडकते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते आत्ताच सांगितलं.

पोहण्याची परीक्षा म्हणून "पोहता येतं ना?" "हो." झालं. खरं तर २०० मीटर न थांबता पोहायचं आणि दहा मिनिटं तरंगायचं असतं. याला आलं असतंच, पण बॅचमध्ये चौघे होते, त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं हे तिसऱ्या दिवशी कळलं. थिअरी मोबाईलवर, व्हिडिओ पळवत, शेवटची परीक्षा चौघांनी मिळून सोडवली, जिथे अडलं तिथे सर येऊन सांगत होते.

दुसरा दिवस, सकाळी नऊ ते साडेदहा, छातीभर पाण्यात. ओपन वॉटर कोर्समध्ये उथळ, बंदिस्त पाण्यातली पाच सत्रं असतात आणि मग समुद्रातल्या चार डाईव्ह, निदान दोन दिवसांत वाटून. ही पाच सत्रं दीड तासात, चौघांची. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला हिशोबाने बावीस मिनिटं, बाकी वेळ गुडघ्यावर बसून दुसऱ्याचं बघायचं. गुडघ्यावर हे ध्यानात ठेवा. दहा किलोचं कोडं तिथे सुटलं, माणूस जड केला की तो खाली बसून राहतो, हलत नाही, तरंगत नाही, इन्स्ट्रक्टरला चौघांवर लक्ष ठेवणं सोपं जातं. शिकणाऱ्याच्या पाठीवर ते शिसं इन्स्ट्रक्टरच्या सोयीसाठी होतं.

मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं एकदा केलं, सरांनी स्वतःच त्याच्या मास्कची कड उचलून थोडं पाणी आत घेतलं. पूर्ण मास्क काढून परत घालणं? "एकदा प्रयत्न केला, नाकात पाणी गेलं, उभा राहिलो, सर म्हणाले ठीक आहे, समुद्रात करू." समुद्रात? "समुद्रात दृश्यता कमी होती म्हणून नाही केलं." सरांनी भरायच्या कौशल्यांच्या यादीत मात्र टिक आहे. मास्कशिवाय एक मिनिट श्वास घेणं, टिक आहे, केलं नाही. हवा संपली तर सहा ते नऊ मीटरवरून एका श्वासात "आऽऽऽ" असा आवाज काढत, हवा सोडत सोडत वर पोहत येणं, हा सराव कोर्समध्ये असतोच. टिक आहे. भाच्याला तो असतो हेच माहीत नव्हतं. आणि डिसेंबरात नऊ मीटरवरून तो वर आला तेव्हा तोंडातून निघत होता तो नेमका तोच आवाज, फक्त भीतीचा. हे त्याला सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प बसला.

ही कार्डं देणाऱ्या एजन्स्यांच्या नियमात खोट आहे म्हणावं तर तसंही नाही. नियम म्हणतात की प्रत्येक कौशल्य विद्यार्थ्याने सहज, पुन्हा पुन्हा, नवशिक्याकडून अपेक्षित सफाईने करून दाखवलं पाहिजे, एकदा कसंबसं जमलं म्हणजे झालं असं कुठेही लिहिलेलं नाही. पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची, नाऊई त्याच्याही आधीची १९६० ची, यांची पुस्तकं वाचलीत तर साठ वर्षं माणसं कुठे कुठे मेली त्यातून शिकून लिहिल्यासारखी वाटतात. शिवाय आयएसओचं स्टँडर्ड पण आहे, २४८०१, त्याचा दुसरा भाग म्हणजे आपलं हे ओपन वॉटर, त्यात याला स्वतंत्र डायव्हर म्हणलंय. स्वतंत्र! म्हणजे हे कार्ड दाखवून दोन पोरं टाक्या भाड्याने घेऊन, इन्स्ट्रक्टरशिवाय, एकमेकांच्या भरवशावर अठरा मीटर खाली जाऊ शकतात. कार्डाचा अर्थ एवढा मोठा आहे आणि त्याला एक्सपायरी डेट नाही, आज मिळालेलं वीस वर्षांनी पण चालतं. पण एजन्सी स्वतः पाण्यात नसते. तिथे असतो एक माणूस, ज्याच्या हातात पेन आहे.

आता गंमत बघा, लॉगबुकातली. पहिली डाईव्ह १९ मिनिटं. मोठ्या एजन्सीच्या नियमात ट्रेनिंगची डाईव्ह मोजायची तर पाण्याखाली वीस मिनिटं तरी राहायला हवं, किंवा मग १४०० लिटर हवा तरी वापरलेली हवी. आपल्याकडची नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी साधारण अकरा लिटरची. २०० वरून ६० म्हणजे १४० बार, गुणिले ११, म्हणजे १५४० लिटर. बसली नियमात! वेळ कमी पडला पण पोरगा घाबरून इतक्या धापा टाकत होता की हवेच्या हिशोबाने डाईव्ह पास झाली. हे आकडे त्याच्यासमोर मांडले तेव्हा आम्ही दोघं हसलो, म्हणजे हसू आलं खरं.

पण आकडे अजून बोलतात. १५४० भागिले १९, मिनिटाला ८१ लिटर. सरासरी खोली नऊ मीटर धरली तर १.९ ने भागायचं, म्हणजे जमिनीवरच्या हिशोबाने मिनिटाला जवळजवळ त्रेचाळीस लिटर. निवांत डायव्हर पंधरा ते वीस ओढतो. त्रेचाळीस म्हणजे जिने धावत चढणाऱ्या माणसाचा श्वास. चारही पानांवर थोडाफार हाच आकडा येतो, म्हणजे चार डाईव्हमध्ये पोरगा एकदाही शांत झाला नव्हता, आणि हे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खाली सही करणाऱ्याने वाचलं असतं तरी कळलं असतं. लॉगबुक लोक आठवण म्हणून ठेवतात, माशांची चित्रं चिकटवतात त्यात, पण तो रक्ताच्या रिपोर्टसारखा कागद आहे. कुणी कोर्स करून आला की मी आता कार्ड बघत नाही, पहिल्या चार पानांतली मिनिटं आणि बार बघतो.

एक अजून राहिलं, घाट. तिसऱ्या दिवशी साडेअकराला शेवटची डाईव्ह संपली आणि हा दोन वाजता मित्राच्या गाडीतून आंबोलीमार्गे निघाला. विमानाचं सगळ्यांना पाठ असतं, एका डाईव्हनंतर बारा तास थांबून मगच उडायचं, एकापेक्षा जास्त झाल्या तर अठरा. पण ते तास विमानासाठी का, तर उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. ही मार्गदर्शक तत्त्वं दोन हजार फुटांपासूनच्या केबिनच्या उंचीला (विमानाच्या आत हवेचा दाब जेवढ्या उंचीसारखा असतो त्याला) लागू धरतात, आणि आंबोली ६९० मीटर आहे, म्हणजे बावीसशे फुटांच्या वर. नायट्रोजनला काय माहीत खाली विमान आहे का स्विफ्ट. बारा मीटरच्या आतल्या वीस वीस मिनिटांच्या डाईव्ह होत्या म्हणून फार काही बिघडलं नसतं, पण परदेशी पुस्तकात घाट नसतात, कोकणातून वर देशावर येणाऱ्या माणसाला हे इन्स्ट्रक्टरनेच सांगायला पाहिजे. आम्ही तर रात्र खाली काढून सकाळी निघतो, तेवढीच एक वेळ जास्त मासे खायला मिळतात.

मग पुढे काय केलं. भाचा म्हणाला सोडून देतो. मी म्हणलं सोड, पण आधी एकदा नीट शिक आणि मग सोड. माझ्या ओळखीत एक इन्स्ट्रक्टर आहेत, मालवणकडच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र बंदरावर ऐकू जाईल असा. त्यांनी पहिल्याच फोनवर दम्याचं विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाल्या छातीच्या डॉक्टरांचा कागद आणा, तोवर पाण्याचं नाव काढू नका. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसं तपासतात ती) झाली, व्यायामानंतरची पण झाली, डॉक्टरांनी सही दिली, यात अडीच आठवडे गेले. भाचा कुरकुरत होता. मॅडम म्हणाल्या, "कित्याक घाई करतंस रे झिला, पाणी खंय पळान जाता?"

त्या अडीच आठवड्यांत त्यांनी त्याला गृहपाठ दिला, बादलीचा. बाथरूममध्ये मोठी बादली पाण्याने भरायची, तोंडात स्नॉर्कल, म्हणजे पाण्याबाहेर टोक राहणारी श्वासाची नळी, मास्क नाही, चेहरा पाण्यात घालायचा आणि श्वास घेत राहायचं. ऐकायला येडपट वाटतं पण सगळी मेख इथेच आहे. नाकाला पाणी लागलं की शरीर आपोआप घसा बंद करतं, श्वास थांबतो, डोकं ओरडायला लागतं की बुडतोय, आणि तोंडात रेग्युलेटर असून, त्यातून हवा येत असून माणसाला वाटतं हवा नाही. हे समजून घेऊन जात नाही, सवयीनेच जातं. पहिल्या दिवशी तो चार सेकंद टिकला. बहिणीचा मला फोन, दादा, हा आत बादलीत तोंड घालून बसलाय आणि गुरगुरल्यासारखा आवाज येतोय, तू सांगितलंस म्हणे? आठव्या दिवशी दोन मिनिटं. दहाव्या दिवशी तो कानात इयरफोन घालता येईल का विचारत होता, तेव्हा मी समजलो की हे जमलं.

मग पूल, चार संध्याकाळी, दोन दोन तास, एकच विद्यार्थी. पहिला अख्खा तास फक्त शिशावर. पाण्यात उभं राहून, जॅकेट रिकामं करून, नेहमीएवढा श्वास घेऊन थांबायचं, पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे, श्वास सोडला की हळू बुडलं पाहिजे. समुद्रात खारं पाणी जास्त उचलतं म्हणून तिथे परत तपासायचं, आणि टाकी रिकामी होताना दोनेक किलो हलकी होते त्याची भर धरायची. समुद्रात शेवटी सहा किलोवर जमलं. दहाचे सहा! ते चार किलो गेले आणि पोराचं शरीर पहिल्यांदा आडवं झालं, पाय मागे, हात गप्प, आणि मी काठावरून बघताना मला कळलं की आता याचा श्वास पण आपोआप उतरणार.

गुडघ्यावर त्यांनी त्याला एकदाही बसवलं नाही. मास्क काढायचा तो तरंगत, घालायचा तो तरंगत, पुढे पुढे पोहत असताना मागून येऊन त्याच मास्क ओढायच्या. पहिल्या संध्याकाळी दोनदा उसळून वर आला, त्या वर येऊन एवढंच म्हणाल्या, "परत." रागावल्या नाहीत, शाबासकी नाही. मी मोजलं नाही पण चार दिवसांत त्याने मास्क पन्नास वेळा तरी काढला असेल. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता झालं. त्यांची कसोटी तीच आहे, कंटाळा येईपर्यंत.

फेब्रुवारीत परत नेत्राणी, दोन दिवस, चार डाईव्ह, ३८, ४१, ४४ आणि ४२ मिनिटं. त्यातली तिसरी बघा, २०० वरून ६०. तेच १४० बार, तेच १५४० लिटर. पहिल्या कोर्सात तेवढी हवा १९ मिनिटांत संपली होती, इथे ४४ मिनिटं पुरली, सरासरी खोली दहा मीटर असून. हिशोब केला तर मिनिटाला साडेसतरा लिटर. शेवटच्या डाईव्हला "आऽऽऽ" पण झालं, सहा मीटरवरून, दोरीच्या बाजूने, मॅडम जॅकेट धरून शेजारी, आणि वर आल्यावर हा म्हणतो की मामा, आवाज तोच होता ना?

पैशाचं सांगतो कारण विषय तिथूनच सुरू झाला होता. पहिला कोर्स २२ हजार, पाण्याखालचा वेळ समुद्रात ८२ मिनिटं आणि ते छातीभर पाणी दीड तास, मिळून १७२ मिनिटं, म्हणजे मिनिटाला १२८ रुपये, आणि हे पण त्याचं गुडघ्यावर बसून दुसऱ्याचं बघणं धरून. दुसऱ्या वेळी पूल, मॅडमची फी, बोट, टाक्या धरून २६ हजार. पूल ४८० मिनिटं, समुद्र १६५ मिनिटं, एकूण ६४५, मिनिटाला चाळीस. वर डिसेंबरची वाया गेलेली नेत्राणी ट्रिप आहेच. पाच दिवसांच्या ज्या कोर्सला तो महाग म्हणाला होता तो याच्यापेक्षा स्वस्त पडला असता. एकूण दर नाही, मिनिटाचा दर विचारा, आणि त्यातही विचारा की बॅचमध्ये किती जण, बंदिस्त पाण्यातली सत्रं कुठे आणि किती तासांची, दुपारी तोच इन्स्ट्रक्टर ट्राय डाईव्हची गिऱ्हाइकं घेऊन जाणार आहे का, आणि एखादी गोष्ट मला तीन दिवसांत जमली नाही तर चौथ्या दिवसाचं काय. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर फोन ठेवा. आपल्याकडे चांगल्या जागा नाहीत असं अजिबात नाही, तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत तर ट्रेनिंगसाठी खास पूल बांधलाय, अंदमानात, पाँडिचेरीत जीव लावून शिकवणारी माणसं आहेत.

आणि त्या पहिल्या इन्स्ट्रक्टरची बाजू. त्याला पण मी भेटलोय, नंतर, वेगळ्या कामाने, विषय काढला नाही. ऑक्टोबर ते मे एवढाच सीझन, पावसाळ्यात सगळं बंद, मालक डोईमागे पैसे देतो, ट्राय डाईव्हची रांग बाहेर उभी, त्यात कोर्सची पोरं म्हणजे वेळ खाणारं काम. इन्स्ट्रक्टर व्हायला शंभर डाईव्ह लागतात नियमाने, शंभर म्हणजे एका सीझनचं पण काम नाही, त्यात माणूस शिकवायला कधी शिकतो? त्याला जसं शिकवलं गेलं तसं तो शिकवतो, गुडघ्यावर. राग येतो मला अजून, पण तो टिकवर येतो. न केलेल्या गोष्टीसमोर टिक करताना पेन थांबायला पाहिजे होतं, सीझन असो नाहीतर नसो.

एजन्सीकडून कोर्स संपल्यावर ईमेलवर फीडबॅकचा फॉर्म येतो, अमुक कौशल्य केलं का, तमुक केलं का. तपासणीची ती चांगली सोय आहे. भाच्याने तेव्हा बसमध्ये बसून सगळ्याला हो आणि पाच स्टार दिले होते, सर किती चांगले होते म्हणून. फेब्रुवारीनंतर त्याने एजन्सीला सविस्तर लिहिलं, दम्याच्या फॉर्मसकट, स्वतःची चूक पण लपवली नाही. त्यांचं उत्तर आलंय, अजून माहिती मागितली आहे, लॉगबुकच्या पानांचे फोटो पाठवायचेत, म्हणून तर ते आज माझ्यासमोर आहे.

आता त्याला अँग्रिया बँक बघायची आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा बुडालेला प्रवाळाचा पठार, त्याचा माथाच वीसेक मीटर खाली, आजूबाजूला फक्त समुद्र. मी म्हणलं तुझं कार्ड अठरा मीटरचं आहे, आणि मधे अजून पन्नास पानं भरायची आहेत. हो म्हणाला, वाद नाही घातला. बादली अजून बाथरूममध्येच आहे, बहिणीने दोनदा उचलून गच्चीत ठेवली, हा परत आणतो.